आवर, पण कुणाला?

माणसानं चाळिशी ओलांडली, डोक्यावरचं निम्मं पीक गेलं, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्याला बॉय म्हणायचं ही अक्कल कुणाची ते देव जाणे. पण नोकरी वॉर्डबॉयची, तेव्हा तो वॉर्डबॉय. तशी बॉय म्हणून हाक त्याला कुणी मारत नसे. त्याला सगळे पक्कड म्हणत. खिळे उपटायची लोखंडी पक्कड असते ना, तीच. एकदा धरलं की धरलं.

इस्पितळाच्या पाटीवर मनोरुग्णालय असं लिहिलेलं होतं, बाहेरचे लोक वेड्यांचं इस्पितळ म्हणत आणि आत काम करणारे नुसतं ‘आत’ म्हणत. पक्कडची ड्यूटी पुरुषांच्या बंद वॉर्डात. तिथे कुणी बिथरला, अंगावर धावून आला, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायला लागला, की त्याला धरायचं आणि सिस्टर सुई टोचून मोकळी होईपर्यंत सोडायचं नाही. सांगायला सोपं आहे हो. मनगट धरायचं नाही, ते घामानं निसटतं. कोपराच्या वर धरायचं. हनुवटी आपल्याच छातीशी चिकटवून ठेवायची, नाहीतर समोरच्याचं टाळकं येऊन आदळतं आणि आपले दात आपल्या घशात. गुडघा मांडीवर ठेवायचा, छातीवर किंवा पाठीवर कधीच नाही, कारण माणूस गुदमरतो. एवढं सगळं पाळूनही पक्कडच्या डाव्या कानाची पाळी एका गृहस्थानं खाल्ली होती. चावली नाही म्हणत मी, खाल्ली. थुंकलीसुद्धा नाही मेल्यानं.

आता झाकून काय ठेवायचं, पक्कडला हे काम आवडायचं. तो रागाचा माणूस. तरुणपणी त्यानं रस्त्यावर किती जणांची नाकं फोडली त्याला गणती नाही. घरी बायकोवर त्यानं कधी हात उचलला नाही, हेही खरंच. पण स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या मुठीएवढा खळगा होता आणि पाण्याची बादली तिसरी होती. ‘आत’ मात्र त्याच अंगातल्या रगीचा पगार मिळायचा. बायको म्हणायची, “बरं झालं बाई, तुम्हाला ही नोकरी लागली. नाहीतर तुम्हीच आत असता, आणि धरायला दुसरं कुणीतरी.” तो हसायचा. तिच्या बोलण्याचा त्याला राग यायचा नाही, अख्ख्या जगात तिच्या एकटीच्या.

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायचं काम करायची. अंगानं एवढीशी, पण जीभ कात्रीसारखी. तिला जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, वेल्डिंगच्या कामाला लावलं. पोरगा कामाला सोनं. लोखंडाचं दार असं करून द्यायचा की जोड कुठे आहे ते बोटाला लागू नये. पक्कडशीही त्याचं बरं जमायचं. दोघं मिळून रविवारी काहीतरी ठोकत बसायचे आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे.

आणि मग त्याचं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे एका दिवसात नाही, हळूहळू. आधी झोप गेली, मग कुणीतरी कानात बोलतं म्हणायला लागला. मग म्हणायला लागला की ही माझी ताई नव्हेच. ताईला कुणीतरी नेलं आणि तिचा चेहरा लावून ही दुसरीच बाई घरात बसवली आहे. एके सकाळी ती त्याच्या खोलीवर चहा घेऊन गेली, तर त्यानं तिला भिंतीशी गाठलं आणि विचारायला लागला, माझी ताई कुठे आहे सांग. ती म्हणाली, अरे मीच. त्यानं ठोसा मारला. पुन्हा विचारलं, ती पुन्हा म्हणाली मीच, पुन्हा ठोसा. वेल्डिंगचा हात तो. पुढचा एक दात गेला, एक डोळा पार मिटला, गाल फुटला.

पक्कड ड्यूटीवरून थेट तिथे पोहोचला. बायकोचं तोंड बघितलं आणि मेहुण्याकडे वळला. त्या क्षणी त्यानं त्याला जिवंत सोडलं नसतं, यात मला शंका नाही. पण ती रक्तानं माखलेली बाई भावाच्या अंगावर आडवी पडली आणि म्हणाली, “आधी मला मारा.”

भावाला ‘आत’ दाखल करायचं ठरलं. दुसरा उपायच नव्हता. दाखल करायच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते, तरी बोलली.

“तुम्ही आहात तिथे म्हणून टाकते. आणि तुम्ही आहात तिथे म्हणूनच भीती वाटते. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. धरायला बाकीचे आहेत.”

“नाही लावणार.”

“असं वरवरचं नको. माझ्याकडे बघून म्हणा.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, म्हणजे त्या गालाकडे बघितलं, आणि कसंबसं म्हणाला, “हात लावणार नाही.”

“लावलात तर मी या घरात राहायची नाही. मी काही भांडणार नाही, रडणार नाही. निघून जाईन.”

ती बोलली तसं करणारी बाई होती. पक्कडला हे पक्कं माहीत होतं, आणि ती गेली तर आपलं काय उरतं तेही माहीत होतं.

त्याच सुमाराला इस्पितळात नवे मोठे डॉक्टर आले. काडी पैलवान, आवाज मऊ, वॉर्डबॉयलासुद्धा ‘आपण’ म्हणणारे. आधीच्या वर्षी धराधरीत एका म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी ठरवलं की यापुढे धरायचं की नाही हे वॉर्डबॉयनं ठरवायचं नाही, डॉक्टरनं ठरवायचं. प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी आली. आणि हुकूम इंग्रजीत द्यायचा, कारण ‘धरा रे!’ म्हटलं की धरायच्या आधीच पेशंट उसळतो. हे बाकी खरं होतं.

सगळ्यांना हॉलमध्ये बसवून डॉक्टरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. रिस्ट्रेन आणि रिफ्रेन.

वॉर्डात सगळ्यात जुने वॉर्डबॉय म्हणजे मामा. नात लग्नाला आली तरी बॉयच. त्यांनी हात वर केला. “साहेब, मराठीत सांगा की.”

“रिस्ट्रेन म्हणजे आवर,” डॉक्टर म्हणाले. “आणि रिफ्रेन म्हणजे...” ते थांबले, खिडकीबाहेर बघितलं, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. “रिफ्रेन म्हणजेही आवरच.”

हॉलमध्ये हशा पिकला. डॉक्टर म्हणाले, “अहो, फरक आहे. मोठा फरक आहे. पहिल्यात समोरच्याला आवरायचं. दुसऱ्यात स्वतःला. रिस्ट्रेन म्हटलं की जाऊन धरायचं. रिफ्रेन म्हटलं की आपण मागे सरायचं, हात खाली, त्याला ओरडू द्यायचं, आदळआपट करू द्यायची. आपण नुसतं थांबायचं.”

“मग एकाला मांजर म्हणा आणि दुसऱ्याला टेबल म्हणा,” मामा म्हणाले. “जुळ्या भावांची नावं कशाला?”

पण शिकलेल्या माणसानं शब्द एकदा फळ्यावर लिहिला की तो ब्रह्मदेवाच्या बापालाही पुसता येत नाही. शब्द राहिले. लगेच सराव घेतला. एक शिकाऊ डॉक्टर पेशंट झाला आणि खोटंखोटं ओरडू लागला. वॉकीटॉकीतून खरखर आली, पाठोपाठ ‘...रेन’ एवढंच आलं, आणि पक्कडसकट चौघं त्या पोरावर पडले. त्याचा चष्मा फुटला, ओठ फुटला, आणि हुकूम रिफ्रेनचा होता. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनाही हसू आवरलं नाही.

घरी पक्कडनं हे सांगितलं तेव्हा बायकोही हसली, सुजलेला गाल धरून. मग मात्र तिनं त्याचा पिच्छाच पुरवला. कारखान्यातल्या लेबलांवरून तिला इंग्रजी अक्षरं वाचता यायची. तिनं तोडगा काढला. “मधे फ ऐकू आला की फुंकर. फुंकर मारायची आणि जागच्या जागी उभं राहायचं. स ऐकू आला तर धरायला सुटायचं. म्हणा.” तो म्हणायचा. तो शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागला की ती चुलीपासून ओरडायची, “रिफ्रेन!” आणि तो फू करून गप्प बसायचा. एवढं पक्कं झालं की पुढे मामांना तोच शिकवायला लागला.

मेहुणा वॉर्डात आला तेव्हा पक्कडनं आपल्याकडे नेमून दिलेल्या खाटा बदलून घेतल्या, या टोकाच्या त्या टोकाला. मेहुणा बिथरला की मामा आणि बाकीचे धरायचे आणि हा चादरींच्या खोलीत जाऊन लोखंडी मांडणी घट्ट धरून उभा राहायचा. बाहेरून ओरडणं ऐकू यायचं. दात आवळून आवळून त्याची दाढ दुखायला लागली. घरी गेल्यावर रोज एकच प्रश्न असायचा.

“हात लावला नाहीत ना?”

“नाही लावला.”

मग ती जेवायला वाढायची.

औषधं हळूहळू लागू पडली. मेहुणा झोपायला लागला, स्वतःच्या हातानं जेवायला लागला. एकदा तर दारात उभ्या पक्कडला त्यानं विचारलं, “ताई सापडली का हो?” पक्कडनं हे घरी सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबू, मग भेटू देऊ. तिनं भावासाठी एक शर्ट शिवायला घेतला.

आणि घडलं ते भर दुपारी, जेवणाच्या हॉलमध्ये. एका नव्या पेशंटनं मेहुण्याच्या ताटातलं उचललं. एवढंच. मेहुण्यानं स्टूल उचलून त्याच्या खांद्यावर घातलं, तो कोसळला, पुन्हा घातलं, स्टुलाचा पाय मोडून हातात आला. मामा पुढे झाले तर तोच पाय त्यांच्या कपाळावर बसला. मामा भिंतीला टेकत टेकत खाली बसले, रक्त भुवईवरून डोळ्यांत. ताटं पडली, पेशंट किंचाळायला लागले, कुणी टेबलाखाली शिरलं. मेहुणा कोपऱ्यात पाठ लावून उभा, हातात तो लाकडी पाय, आणि तोंडातून फेस.

डॉक्टर दाराशी आले. घाबरले असतील, पण दिसू दिलं नाही. लांबूनच बोलायला लागले, मऊ आवाजात, तुला कुणी काही करणार नाही, हात दुखत असेल, खाली ठेव. मेहुणा ऐकत होता. खांदे उतरले. हात हळूहळू खाली आला. पक्कड तोवर धावत हॉलमध्ये पोहोचला होता, आणि मधे फक्त एक टेबल होतं. कमरेची वॉकीटॉकी बोलली. खरखर नाही, काही नाही, स्वच्छ बोलली.

“रिफ्रेन. सगळ्यांनी रिफ्रेन.”

मेहुण्यानं लाकूड टाकून दिलं. फरशीवर ते गडगडत गेलेलं पक्कडनं बघितलं. मग मेहुण्यानं त्याच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे, चारचौघात बोलतो तसा म्हणाला, “तुमच्या घरातली ती बाई माझी ताई नाही. बाहेर आलो की तिचे उरलेले दात पाडणार आहे.”

पक्कड टेबलावरून गेला.

सुरुवात त्यानं शिकल्याप्रमाणे केली. हनुवटी छातीशी, हात कोपराच्या वर. त्या पोरानं प्रतिकारही केला नाही, तोंडावर पडला. तिथून पुढे जे झालं ते नोकरीचं काम नव्हतं. त्यानं गुडघा पाठीवर ठेवला, जिथे ठेवायचा नसतो तिथेच ठेवला. उजवा हात मागे ओढला आणि वर ओढला आणि ओढतच राहिला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. पोरगा ‘ताई, ताई’ करून ओरडायला लागला. डॉक्टर ओरडत होते, वॉकीटॉकी ओरडत होती, आणि हा ओढत होता. आपलं डोकं फुटलेलं विसरून मामा आले आणि आणखी तिघं आले, तेव्हा कुठे त्याची बोटं सुटली.

हात खांद्यातून निखळला होता. तो बसवता आला. पण आतल्या नसा तुटल्या होत्या. दुसऱ्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि तिथल्या डॉक्टरनं सांगून टाकलं की उजवा हात आता नुसता लोंबणार.

चौकशी झाली. टेबलामागे तिघं जण बसले होते. पण खरं सांगायचं तर चौकशी करायला उरलंच काय होतं? सगळ्या इस्पितळाला उत्तर ठाऊक होतं. मोठे डॉक्टर स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, “दोष माझा. इतके सारखे शब्द ठेवायलाच नको होते.” भला माणूस, त्यांचे डोळे भरले होते. कपाळावर टाके घातलेले मामा म्हणाले, “साहेब, त्या डबड्यातून नुसतं रेन रेन येतं. आम्ही काय छत्री उघडायची?” तिघांपैकी एक जण हसला. मग पक्कडला विचारलं, “आपल्याला रिस्ट्रेन असं ऐकू आलं. बरोबर?”

पक्कडनं मान हलवली. हो म्हणून हलवली. सुटला. नोकरी शाबूत राहिली. दोन्ही शब्द फळ्यावरून गेले, वॉर्डबॉय एकमेकांना टाळ्या देत म्हणाले की गरिबाला इंग्रजी येत नाही हे पहिल्यांदाच कामाला आलं.

बायको इतके दिवस भावाच्या उशाशीच होती. त्या संध्याकाळी ती कपडे न्यायला घरी आली. थकलेली होती, पण बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. उलट कुठेतरी थोडी आशाच होती.

“मामा आले होते तिकडे. म्हणाले, ऐकण्यात घोटाळा झाला. खरं ना?”

“हं.”

“हं काय? तुम्ही सांगा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. काय ऐकू आलं तुम्हाला?”

खोटं अगदी तयार होतं हो. मोठ्या लोकांनी शिक्का मारून दिलेलं होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. पण ती बोलताना पडलेल्या दाताच्या फटीतून हवा जायची, शब्द जरा शिट्टी घालून यायचे. त्या तोंडासमोर त्याला खोटं बोलवेना.

“रिफ्रेन,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “एकदा?”

“दोनदा.”

“त्याच्या हातात काय होतं तेव्हा?”

“काही नाही. टाकलं होतं त्यानं.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम भडकली. “कशाला सांगितलंत मग? अं? सगळ्या जगाशी खोटं बोललात, माझ्याशीच बोलायला काय धाड भरली होती? राहिले असते मी. डोळ्यांवर कातडं ओढून राहिले असते!”

“तो म्हणाला तुझे दात पाडीन. तुझ्यासाठी केलं मी.”

“माझ्यासाठी?” ती उठली. “माझ्यासाठी एकच गोष्ट करायची होती. उभं राहायचं होतं नुसतं.”

तिनं पिशवी काढली, त्यात दोन साड्या कोंबल्या, शिवलेला शर्ट कोंबला. उजवी बाही कापून सैल करावी लागणार होती त्याची. ती दाराकडे वळली आणि पक्कडचा हात आपोआप गेला. कोपराच्या वर, नेमका. त्यानं धरलं.

ती किंचाळली नाही. तिनं आधी त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

“सोड,” ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं त्याला तुम्हीशिवाय हाक मारली नव्हती. भांडणात नाही, तापात नाही, कधीच नाही. त्या एका ‘सोड’नं त्याची बोटं ढिली पडली. दंडावर पाचही बोटं उठली होती, तिनं ती चोळली नाहीत.

“माझ्या भावानं मला मारलं तेव्हा मी कोण ते त्याला कळत नव्हतं,” ती म्हणाली. “तू त्याला मारलंस तेव्हा तो कोण ते तुला कळत होतं. मला त्याची कमी भीती वाटते.”

ती जिना उतरली. खालच्या मजल्यावरच्या बाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, “एवढ्या पिशवीबिशवी घेऊन कुठे निघालात हो?”

वर उघड्या दारात उभ्या पक्कडला तिचं उत्तर अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“माहेरी,” ती म्हणाली.